गुलाबी पुस्तकातील आमची ओळ

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस आमच्या बीडच्या घरी दुपारचे जेवण लांबत असे. रेल्वेमंत्र्यांचे लोकसभेतील भाषण संपेपर्यंत वडील दूरदर्शनसमोरून उठत नसत. भाषणात अहमदनगर–बीड–परळी मार्गाचे नाव येते का, एवढ्यासाठीच ते कान देऊन बसलेले असत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘महाराष्ट्राच्या वाट्याला काय’ अशा मथळ्याखाली चौकट छापून येई, ती ते कापून एका जुन्या फाइलमध्ये लावीत आणि कडेला पेन्सिलीने वर्ष लिहीत. ती फाइल आता माझ्याकडे आहे. आज आपल्याला रेल्वेवरील सरकारी खर्चाचा हिशेब मागायचा असेल, तर तो संसदेत नेमका कोठे मागितला जातो, हे समजून घेण्याची गरज मला त्या कात्रणांमुळेच वाटू लागली.

रेल्वेसाठी स्वतंत्र अर्थसंकल्प मांडण्याची प्रथा १९२४ पासूनची. सर विल्यम ॲकवर्थ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने रेल्वेचा पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीपासून वेगळा ठेवावा अशी शिफारस केली होती आणि त्यानुसार हा बदल झाला. राज्यघटनेत स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्पाची तरतूद नव्हती. तो केवळ संकेत होता, तरीही तो नव्वदहून अधिक वर्षे पाळला गेला. या व्यवस्थेत रेल्वे आपल्यात गुंतवलेल्या सरकारी भांडवलावर दरवर्षी लाभांश भरत असे, म्हणजे पैशाचा एक प्रवाह रेल्वेकडून सरकारकडे वाहत होता. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरेश प्रभू यांनी शेवटचा स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प मांडला. कोकणातील एका मंत्र्याच्या हातून ही प्रथा संपली, याची नोंद वडिलांनी फाइलमध्ये आवर्जून केली आहे. १ फेब्रुवारी २०१७ पासून रेल्वेचे आकडे सर्वसाधारण अर्थसंकल्पातच येऊ लागले आणि लाभांशाची जबाबदारीही संपली.

विलीनीकरणाला माझा विरोध नाही. रेल्वेमंत्र्याने आपल्या मतदारसंघासाठी गाड्या जाहीर करायच्या आणि त्या घोषणांना पैसा कोठून येणार हे कोणी विचारायचे नाही, असे अनेक वर्षे चालले होते, ते थांबायलाच हवे होते. माझी तक्रार वेगळी आहे. २०१७–१८ च्या अर्थसंकल्पात केंद्राने सर्वसाधारण तिजोरीतून रेल्वेला भांडवली खर्चासाठी ५५ हजार कोटी रुपयांची तरतूद केली होती. २०२५–२६ च्या अर्थसंकल्पात हीच तरतूद २ लाख ५२ हजार कोटींच्या घरात आहे. पूर्वी रेल्वे सरकारला लाभांश देत होती, आता करदाता रेल्वेला भांडवल देतो आहे. पैशाचा ओघ असा उलटा फिरला असताना तपासणी वाढायला हवी होती. प्रत्यक्षात मात्र रेल्वेवर हमखास चर्चा होण्याचा जो एक काळ दिनदर्शिकेत राखलेला असे, तोच गेला.

आता रेल्वे मंत्रालयाची अनुदानाची मागणी, म्हणजे वर्षभराच्या खर्चासाठी लोकसभेकडे मागितलेली रक्कम, इतर मंत्रालयांच्या मागण्यांच्या रांगेत उभी असते. लोकसभेत दरवर्षी त्यांपैकी मोजक्याच मागण्यांवर चर्चा होते. उरलेल्या सर्व मागण्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एकत्रितपणे मताला टाकल्या जातात. संसदीय भाषेत याला गिलोटीन म्हणतात. २०१८ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा २०२३ च्या मार्चमध्ये एकाही मंत्रालयाच्या मागणीवर चर्चा न होता संपूर्ण अर्थसंकल्प मंजूर झाला. खासदारांच्या हाती कपात सूचनेचे साधन असते. धोरणाशी असहमती दाखवायची असेल तर मागणी एक रुपयावर आणावी अशी सूचना देता येते आणि एखादे विशिष्ट गाऱ्हाणे मांडायचे असेल तर शंभर रुपयांची कपात सुचवता येते. एखाद्या दुर्लक्षित मार्गाचा प्रश्न सभागृहात नोंदवून घेण्यासाठी ही शंभर रुपयांची सूचना फार कामाची आहे. पण चर्चाच झाली नाही तर सूचनेचे पुढे काही होत नाही.

याच लोकसभेने ११ जुलै २०१९ रोजी रेल्वेच्या मागण्यांवर चर्चा करण्यासाठी रात्री बाराला दोन मिनिटे कमी असेपर्यंत कामकाज चालवले होते आणि शंभरच्या आसपास सदस्य त्यात बोलले होते. त्या दिवसाची आठवण मी मुद्दाम देतो आहे. बहुतेक भाषणे आपापल्या मतदारसंघातील थांबे, उड्डाणपूल आणि रखडलेले मार्ग यांविषयी होती, म्हणून काहींनी त्या चर्चेला नावे ठेवली. मला ते पटत नाही. कोणत्या स्थानकावर पादचारी पूल नाही आणि कोणत्या मार्गाचे भूसंपादन अडले आहे, हे मंत्र्यांच्या तोंडावर सांगणे हीसुद्धा खर्चाची तपासणीच आहे, आणि ती सामान्य प्रवाशाला सर्वांत जवळची आहे.

सभागृहाबाहेरची तपासणी समित्यांमध्ये चालते. १९९३ पासून असलेल्या विभागीय स्थायी समित्यांपैकी रेल्वेची एक आहे. तिच्यात दोन्ही सभागृहांचे मिळून ३१ सदस्य असतात आणि मंत्री तिचे सदस्य होऊ शकत नाहीत. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत ही समिती रेल्वे बोर्डाच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून मागण्यांची छाननी करते आणि अहवाल देते. त्यावर काय कार्यवाही केली हे सरकारने तीन महिन्यांत कळवायचे असते. झालेल्या खर्चाची तपासणी लोकलेखा समितीकडे असते. ही समिती १९२१ पासूनची आहे आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. तिच्यापुढे नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे, म्हणजे कॅगचे, अहवाल येतात. समित्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. तरीही अधिकाऱ्याला लेखी उत्तर द्यावे लागणे आणि ते उत्तर छापले जाणे, याचे मोल मला फार वाटते.

कॅगचा एक अहवाल मी सलग दोन रात्री बसून वाचला. त्याची सुरुवात खरे तर डॉ. अनिल काकोडकर यांच्यापासून होते. त्यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने २०१२ मध्ये रेल्वेच्या सुरक्षिततेवर पाच वर्षांत १ लाख कोटी रुपये खर्च करावेत असे सांगितले होते. २०१७–१८ च्या अर्थसंकल्पात तेवढ्याच रकमेचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष जाहीर झाला. दरवर्षी २० हजार कोटी, त्यांपैकी १५ हजार कोटी केंद्राचे आणि ५ हजार कोटी रेल्वेने स्वतःच्या उत्पन्नातून घालायचे, अशी रचना होती. गाड्या रुळांवरून घसरण्याच्या घटनांवरील कॅगचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत ठेवला गेला. पहिल्या चार वर्षांत रेल्वेने आपल्या वाट्याच्या २० हजार कोटींपैकी १५,७७५ कोटी रुपये भरलेच नव्हते, असे त्यात नोंदवलेले आहे. रूळ तपासणाऱ्या गाड्यांनी करावयाच्या तपासण्यांमध्ये ३० ते १०० टक्के इतकी तूट आढळली. २०१७ ते २०२१ या काळातील १,१२७ घटनांपैकी २८९ घटनांचा संबंध रूळ बदलण्याच्या कामाशी होता. सुरक्षेसाठी राखलेल्या या कोषातून पाय दाबण्याची यंत्रे आणि कपबशा-ताटल्या यांच्यावरही खर्च झाल्याचे लेखापरीक्षकांनी लिहिले आहे.

हा अहवाल जवळपास सहा महिने कोणाच्या फारसा चर्चेत नव्हता. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोरजवळ तीन गाड्यांचा अपघात होऊन जवळपास तीनशे माणसे गेली, आणि मग दूरचित्रवाणीवर त्यातील आकडे वाचले जाऊ लागले. तो अपघात सिग्नलच्या कामातील चुकीमुळे घडला होता, रूळ खराब असल्यामुळे नव्हे, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकत्र करणे योग्य होणार नाही. पण सभागृहाच्या पटलावर ठेवलेला अहवाल वाचण्यासाठी अपघाताची वाट पाहावी लागावी, याचे मला आजही वाईट वाटते.

आता आमच्या मार्गाविषयी. अर्थसंकल्पासोबत प्रत्येक विभागीय रेल्वेच्या कामांची यादी प्रसिद्ध होते. तिला पिंक बुक म्हणतात. कामाचे नाव, एकूण अंदाजित खर्च, आतापर्यंत झालेला खर्च, या वर्षीची तरतूद आणि काम पूर्ण होण्यासाठी लागणारी उर्वरित रक्कम, अशी एका ओळीत सगळी कुंडली असते. आकडे हजारांत दिलेले असतात. म्हणून एखाद्या कामापुढे नुसता एकचा आकडा दिसला की त्या कामाला वर्षभरासाठी हजार रुपये मिळाले आहेत, म्हणजे काम कागदावर जिवंत आहे आणि जमिनीवर थांबलेले आहे, असे समजावे. देशातील कितीतरी मार्ग अशा हजार रुपयांवर वर्षे काढतात.

अहमदनगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५–९६ मध्ये मंजूर झाला, तेव्हा अंदाजित खर्च ३५३ कोटी रुपये होता. आज तो ४,८०० कोटींच्या वर गेला आहे. निम्मा भार राज्य सरकारने उचलल्यावर आणि गोपीनाथ मुंडे यांच्यासह जिल्ह्यातील अनेकांनी विषय लावून धरल्यावर कामाला गती आली. सप्टेंबर २०२२ मध्ये आष्टीपर्यंत गाडी धावली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, ती बीडला पोहोचली. मंजुरीपासून तीस वर्षे लागली. वडील ती गाडी पाहायला राहिले नाहीत.

या तीस वर्षांत संसदेत अशा मार्गांविषयी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे चाळली, तर एक साचा सारखा भेटतो. रेल्वेचे प्रकल्प राज्यनिहाय नव्हे तर विभागीय रेल्वेनिहाय आखले जातात. प्रकल्प पूर्ण होणे हे भूसंपादन, वनखात्याची परवानगी आणि इतर बाबींवर अवलंबून असल्यामुळे निश्चित मुदत सांगता येत नाही. अतारांकित प्रश्नाला हे लेखी उत्तर मिळाले की विषय तेथेच संपतो, कारण त्यावर पूरक प्रश्न विचारता येत नाही. तारांकित प्रश्न असेल तर मंत्र्यांना उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि नेमकी किती हेक्टर जमीन बाकी आहे, असा पूरक प्रश्न खासदाराला विचारता येतो. म्हणून प्रवासी संघटनांना माझे सांगणे असते की, खासदारांना निवेदन देताना फोटो काढून थांबू नका. पिंक बुकातील ओळ आणि मागील तीन वर्षांचे आकडे सोबत जोडा आणि त्यावर तारांकित प्रश्नाची सूचना देण्याचा आग्रह धरा.

बीड ते परळी हा टप्पा अजून बाकी आहे. येत्या अर्थसंकल्पानंतर पिंक बुक संकेतस्थळावर आले की मध्य रेल्वेच्या यादीतील ती ओळ मी शोधणार आहे, या वर्षीची तरतूद आणि उर्वरित रक्कम हे दोन्ही रकाने वडिलांच्या फाइलमध्ये पेन्सिलीने उतरवून घेणार आहे आणि त्याची एक प्रत आमच्या खासदारांच्या कार्यालयात नेऊन देणार आहे.