वितळायच्या वडीला चमकी

वॅक्स मेल्ट म्हणजे वात नसलेली मेणबत्ती, असं मी सांगते आणि समोरचा हमखास विचारतो, "मग पेटवायची कुठनं?" पेटवायची नाहीच. ही सुगंधी मेणाची वडी. चिनी मातीच्या दिव्याच्या वरच्या वाटीत ती ठेवायची आणि खाली चपटी छोटी मेणबत्ती लावायची. विजेचा वॉर्मर असेल तर नुसतं बटण. मेण पातळ होतं, खोलीभर वास पसरतो, दिवा विझला की मेण वाटीत पुन्हा थिजतं. मेण कुठं जात नाही, वास तेवढा जातो. काही संध्याकाळींनंतर वाटीत बिनवासाचा गोळा उरतो, तो काढून टाकायचा. म्हणजे साच्यातून निघाल्यापासून पहिल्यांदा तापेपर्यंत, एवढंच त्या वडीचं वडी म्हणून आयुष्य. पाकळ्यापानांचा नक्षीदार गुलाब थोड्या वेळात वाटीभर तेलकट पाणी होतो. आणि त्याच गुलाबाच्या कडांना मी मऊ ब्रशनं सोनेरी चमकी लावत बसते.

नाकासाठी केलेली वस्तू, नटवायची डोळ्यांसाठी. यात काही तरी गंमत आहे हे मला कळतं. पण बर्फीवरच्या चांदीच्या वर्खालाही चव नसते, तरी बिनवर्खाची बर्फी ताटात मागंच राहते ना?

आमच्या मामांना हे पटत नाही. मामा म्हणजे माझे सासरे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात काढली. बाहेरगावची माणसं बेळगाव म्हटलं की कुंदा मागतात, पण खानापूर रस्त्यानं उद्यमबाग, मच्छे असं गेलात की दुसरंच बेळगाव लागतं. भट्ट्या, काळी वाळू, लोखंडाचं ओतकाम. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचं दुकान काढलं ते बेळगावातच. पुढं लोखंडी नांगरही इथंच केला आणि १९१० साली त्यांना कारखाना हलवावा लागला तेव्हा कुठं किर्लोस्करवाडी झाली. गावात त्यांच्या नावाचा रस्ता राहिला आणि ओतकामाचं वेडही. अशा गावातल्या ओतकाम्याच्या घरात मी मेण ओतते, तेव्हा टीका ही व्हायचीच.

"काय करूलालीस गं?" मामा ओट्याशी येऊन विचारतात. मी दाखवते. ते वडी उजेडाकडं धरून फिरवून बघतात. "ह्ये वितळवणारच न्हवं? मग नटवतीस कशाला?"

त्यांचा मुद्दा त्यांच्या धंद्यातून आलेला आहे. फौंड्रीत माल आधी वितळतो आणि मग त्याला आकार येतो. आकार आल्यावर पुन्हा भट्टीत जातो तो फक्त रिजेक्ट झालेला माल. त्या हिशेबानं माझं सगळं उत्पादन रिजेक्टच. आणि रिजेक्ट मालाला कोण पॉलिश करतं?

पण साच्याचा विषय निघाला की मामा खुलतात. माझे साचे सिलिकॉनचे, मऊ. उलटे करून बोटानं दाबले की वडी बाहेर. वाळूच्या साच्यात असं चालत नाही. तिथं लाकडी पॅटर्नला, म्हणजे ज्याच्याभोवती वाळू ठोकून साचा करतात त्या नमुन्याला, बाजूंनी किंचित उतार ठेवावा लागतो, नाही तर पॅटर्न काढताना वाळू ढासळते. लोखंड थंड होताना आकसतं म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीसुद्धा वेगळी, खऱ्या मापाहून जराशी मोठी आखलेली. हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मेणही आकसतंच. खनिज तेलापासून केलेलं पॅराफिन मेण जास्त, म्हणून जाड वडीच्या मधोमध खळगा पडतो. सोयाबीनच्या तेलापासून केलेलं सोया वॅक्स त्या मानानं शहाणं. मामांचं लोखंड चौदाशे अंशांच्या आसपास ओतायचं. माझं मेण साठ-सत्तर अंशांना. "म्हणजे ऊन पाणीच की," असं ते म्हणाले आणि तेव्हापासून माझ्या धंद्याला आमच्या घरात ऊन पाण्याचा धंदा म्हणतात.

त्यांची पार्टिंग पावडर मला फार आवडली. पॅटर्नला वाळू चिकटू नये, साच्याचे दोन भाग सुटे व्हावेत म्हणून आधी मारायची भुकटी. मी करते ते बरोबर उलटं. साच्याच्या नक्षीत कोरड्या ब्रशनं आधीच चमकदार पूड भरून ठेवते, ती मेणाला चिकटावी म्हणून. वर मेण ओतायचं, थंड होऊ द्यायचं, साचा उलटा करायचा. गुलाबाच्या फक्त कडा सोनेरी, बाकी अंग पांढरं. हा क्षण मला वडीच्या वासापेक्षाही आवडतो. गिऱ्हाइकांना हे सांगत नाही.

चमकी घालायच्या वाटा तशा थोड्याच. नवशिके पातळ मेणात मूठभर टाकून ढवळतात, आणि साचा भरेपर्यंत ती सगळी तळाला जाऊन बसलेली असते. बाजारातली नेहमीची चमकी म्हणजे पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा, त्यावर ॲल्युमिनियमचा हात, वर रंग, आणि मग षटकोनी बारीक तुकडे. षटकोन अशासाठी की ते एकमेकांना लागून बसतात, कापताना कचरा होत नाही. या तुकड्यांची घनता मेणाच्या जवळजवळ दीडपट. ती बुडणारच. वॉर्मरच्या उष्णतेला ती वितळतही नाही. पॉलिएस्टर वितळायला अडीचशे अंश लागतात. तळाला गेलेली चमकी साच्याच्या तळाशी, म्हणजे वडीच्या तोंडावर येते हे खरं, पण ती दाट थर करून येते आणि नक्षी बुजते. दुसरी वाट वरून भुरभुरायची. त्याला वेळ साधावी लागते: मेणावर साय धरायला लागली की लगेच. आधी टाकली तर बुडते, नंतर टाकली तर चिकटत नाही आणि पुढचा आठवडाभर ती घरातल्या माणसांच्या गालांवर सापडते. मामा असेच एकदा बँकेत गेले होते. चमकत.

मेणबत्तीत मात्र हे चाळे करू नयेत. चमकी वातीपाशी गोळा होते, वात तुंबते, ज्योत मंदावते किंवा भलतीकडं भडकते. वडीला वात नाही म्हणून तिला नटायची मोकळीक.

मी हळूहळू चमकी सोडून अभ्रकाच्या पुडीवर आले. ही पूड पिठासारखी बारीक, तिचे कण पापुद्र्यासारखे चपटे. जड असूनही मेणात सावकाश खाली बसतात, आणि ढवळता ढवळता ओतलं तर वडीत मोत्यासारखी लकाकी उतरते. आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, अभ्रक म्हटल्यावर धीर आला. "अभ्रक भस्म औषधात असतंय की!" वॉर्मरवरच्या अभ्रकानं कुणाचा खोकला जात नाही हे मी त्यांना सांगितलेलं नाही. अर्थात अभ्रकही धुतल्या तांदळाचं नाही. झारखंडात कोडर्म्याकडच्या खाणींत लहान मुलं अभ्रक वेचतात, हे वाचून मी कारखान्यात तयार होणारं कृत्रिम अभ्रक मागवते. ते महाग पडतं, पण लकाकी जास्त स्वच्छ.

शिवाय अभ्रक एक दोष झाकतं. सोया वॅक्स थिजताना अंगावर पांढरट बुरशीसारखे स्फटिक धरतं. त्यानं वासाला काही होत नाही, पण गडद रंगाची वडी पिठात लोळल्यासारखी दिसते. वरून ब्रशनं पूड फिरवली की काम भागतं. मामांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्या बाजूनं हसले. ओतकामात बारीक छिद्रं निघाली की लांबी, म्हणजे पुटी, भरून वर रंग मारणारे त्यांनी पुष्कळ पाहिले आहेत.

बेळगावात चमकीला विरोध करणं अवघडच. गणपतीच्या आधी गणपत गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. पितांबराची चमकी, मुकुटाचे खडे, झिरमिळ्या, सगळं पुड्या बांधून. झेंडा चौकात लोकमान्य टिळकांनी १९०५ साली सार्वजनिक गणपती सुरू केला, तेव्हापासून हे गाव नटण्यात कमी पडलेलं नाही. वैशाखातल्या शिवजयंतीला रात्रभर चित्ररथ चालतात, त्यात मावळ्यांच्या अंगरख्यांनाही जर लागते. शहापूर-वडगावच्या मागांवरच्या साडीला काठ नको म्हणणारी बाई अजून मला भेटलेली नाही. अशा ठिकाणी मी साधी पांढरी मोगऱ्याची वडी पुढं केली की बायका विचारतात, "ही अर्धीच झाल्या काय?"

पाकिटाचा प्रश्न मी वेगळ्याच रीतीनं सोडवला. वासाचं नाव कुठल्या लिपीत लिहायचं यावर आमच्या गावात न बोललेलं बरं, म्हणून मी पाकिटावर फूलच काढते. मोगऱ्याला मोगरा, चंदनाला खोडाचा तुकडा. टिळकवाडीतली कन्नड शेजारीण आणि अनगोळची मावशी दोघींना कळतं. अडचण एकाच वासाला आली. बेळगावी बासमतीच्या भाताचा वास मेणात आणावा असं फार मनात होतं. शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारातला हा वासाचा तांदूळ, शिजताना दारातच कळायचा. सुगंधी तेल विकणाऱ्यांकडं भाताचा वास मिळतो, पण तो भलत्याच देशातल्या भाताचा. आणि तांदळाच्या दाण्याचं चित्र मला जिऱ्यासारखं येतं.

आता मूळ मुद्दा, जो मला अलीकडंच लक्षात आला. मी ज्या वड्या जास्त नटवते त्या कुणी वितळवतच नाही.

निपाणीच्या नणंदेकडं गेले तेव्हा दिवाळीला दिलेले गुलाब शोकेसमध्ये होते, काचेच्या हत्तीशेजारी. वॉर्मर खोक्यात. "एवढं सुंदर, वितळवायला जीव होत नाही गं." शेजारणीनं तिच्या वड्या कपाटात पैठणीच्या घडीत ठेवल्या आहेत. त्यानं साड्यांना वास छान लागतो, पण मेणाचा डाग रेशमावरनं जात नाही. मी तिला कापडाची पिशवी शिवून दिली. मे महिन्यात पारा छत्तीस-सदतीसला गेला की शोकेसमधल्या वड्या मऊ पडतात, कडा बसतात, वास उडत जातो. कुणी न तापवताच त्या संपतात. आणि साध्या चौकोनी, बिननक्षीच्या, गेल्या वर्षीच्या उरल्यासुरल्या वड्या मात्र त्याच घरांत रोज संध्याकाळी सुखानं जळतात. म्हणजे वितळतात.

म्हणजे चमकीनं वडी नुसती देखणी होत नाही, तिचा हुद्दाच बदलतो. मी वासाची वस्तू करायला बसते आणि ब्रश जरा जास्त फिरला की हातून ठेवायची वस्तू तयार होते. मामांची शंका वितळणारी वस्तू नटवू नये अशी होती. प्रत्यक्षात नटवलेली वस्तू वितळायचंच नाकारते. हे त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मग माल रिजेक्ट नाही झाला की."

जी वडी वितळते तिच्या चमकीचं पुढं काय, हाही प्रश्न आहेच. थिजलेल्या गोळ्यात ती सगळी जशीच्या तशी असते. पातळ मेण कुणी मोरीत ओतू नये. पाइपात थिजतं आणि प्लंबर लागतो. कापसाच्या बोळ्यांत टिपून घ्यायचं किंवा थिजल्यावर सुरीच्या टोकानं उचकटून केरात टाकायचं. मोरीतून गेलेली प्लॅस्टिकची चमकी आमच्याकडं बळ्ळारी नाल्याला मिळते, आणि हा नाला पावसाळ्यात फुगला की वडगाव-येळ्ळूरच्या भाताच्या शिवारात शिरतो. म्हणजे ज्या बासमतीचा वास मला वडीत आणता आला नाही, त्याच्या मुळाशी माझी चमकी. युरोपीय संघानं १७ ऑक्टोबर २०२३ पासून प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीची विक्री बंद केली आहे. इथं ती तोळ्यानं नाही, किलोनं मिळते. मी ती बंद केली ती मात्र कायद्याच्या आधीच, आणि खरं कारण सांगायचं तर केर काढून कंटाळले होते.

आता मी दोन ट्रे करते. एक वितळवायचा: चौकोनी वड्या, वरती काही नाही, वासाचं तेल मात्र किलोला शंभर ग्रॅम, मेण पेलेल तेवढं. दुसरा नटलेला: गुलाब, मोर, कोयऱ्या, साच्यातच कडांना अभ्रक, याला साठ ग्रॅम तेल पुरे, कारण तो शोकेसमध्येच जाणार हे मला माहीत आहे. किंमत दोन्हींची सारखी ठेवली. साधा ट्रे आधी संपतो असं लिहायला मला फार आवडलं असतं. संपतो तो मोर-कोयऱ्यांचाच. परवा खानापूरहून लग्नाची मागणी आली, पाहुण्यांना द्यायला, आणि निरोपात वास कुठला हवा ते लिहिलेलंच नव्हतं. "सोनेरी पाहिजे" एवढंच होतं. मी मोगरा घातला आहे. कुणी चुकून वितळवलीच तर लग्नघराची शोभा राहील.