तुम्ही विचारलंत म्हणून: बंद झालेल्या क्लबचे आकडे कशाला जपायचे?

‘महिंद्रा युनायटेड बंद होऊन इतकी वर्षं झाली, आता त्यांच्या सामन्यांचे आकडे कुणाला हवेत?’ हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारलाय, ऑफिसातल्यांनी विचारलाय, फुटबॉल मनापासून बघणाऱ्यांनीही विचारलाय. कुणाचाच हेतू वाईट नसतो. चालू क्लबची आकडेवारी ठेवली तर पुढच्या सामन्याला तिचा उपयोग होतो, बंद क्लबला पुढचा सामनाच नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते नेमकं तेच कारण आहे ती नीट ठेवण्याचं.

ज्यांना हा क्लब आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९६२ साली महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीचा संघ म्हणून तो सुरू झाला. लाल जर्सी, घरचं मैदान मुंबईतलं कूपरेज, आणि कंपनी जीप बनवणारी म्हणून वर्तमानपत्रांनी दिलेलं नाव ‘जीपमेन’. २००० साली संघाचं नाव महिंद्रा युनायटेड झालं. मार्च २०१० मध्ये कंपनीने जाहीर केलं की हंगाम संपला की संघ बंद होईल आणि यापुढे शालेय फुटबॉलवर भर दिला जाईल. तसंच झालं.

कपाटात काय होतं ते बघा. ड्युरँड करंडक तीनदा: १९९८, २००१ आणि २००८. फेडरेशन चषक दोनदा: २००३ आणि २००५. कोलकात्याची आयएफए शील्ड दोनदा: २००६ आणि २००८. आणि २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग. १९९६-९७ ते २००६-०७ अशी ही लीग अकरा हंगाम चालली आणि सहाच क्लबांनी ती जिंकली. मोहन बागान तीनदा, ईस्ट बंगाल तीनदा, डेम्पो दोनदा, जेसीटी, साळगावकर आणि महिंद्रा युनायटेड एकेकदा. म्हणजे कोलकात्याकडे सहा, गोव्याकडे तीन, पंजाबकडे एक, मुंबईकडे एक. देशातली सर्वोच्च लीग मुंबईच्या संघाने पुन्हा जिंकायला २०२०-२१ उजाडावं लागलं. तेव्हा मुंबई सिटीने ती जिंकली. ‘आपल्याकडे कुठे होता फुटबॉल?’ असं जे सर्रास म्हटलं जातं, त्याला माझ्याकडे वादापेक्षा हा हिशेब आहे. फेडरेशन चषक १९७७ पासून खेळला जात होता, पण २००३ पर्यंत तो मुंबईच्या एकाही संघाला मिळाला नव्हता. तोही पहिल्यांदा यांनीच आणला.

२००५-०६ च्या संघाबद्दल तर मी तासभर बोलू शकतो. गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक. पुढे ब्राझीलचा बारेतो आणि घानाचा युसिफ याकुबू, उजवीकडून आपल्या मुंबईचा स्टीव्हन डायस. फेडरेशन चषक आणि लीग एकाच हंगामात. त्या जोरावर २००७ च्या एएफसी चषकात, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत, हा संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. पण या वर्षांचे आकडे जपायला माझी तेवढी गरज नाही. ते सामने टीव्हीवर दिसले, इंग्रजी पेपरांत संपूर्ण संघासकट छापून आले. खरी अडचण आधीच्या तीन-साडेतीन दशकांची आहे.

तेव्हाचा संघ पुरता व्यावसायिक नव्हता. मुंबईत कंपन्यांच्या संघांची एक रीतच होती: खेळाडूला नोकरी द्यायची, त्याने सराव करायचा, सामने खेळायचे आणि उरलेल्या वेळात ड्युटी करायची. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, कॅल्टेक्स, आरसीएफ, एअर इंडिया. कारखाना असो की विमान कंपनी, संघ असायचाच. पगार नोकरीचा, बढती नोकरीतली, आणि गुडघा गेला तरी नोकरी शाबूत. कित्येक घरं या खेळाच्या जोरावर उभी राहिली. या खेळाडूंना मानधनाचे करार नव्हते की एजंट नव्हते. त्यांनी काय केलं याची खूण असली तर ती दुसऱ्या दिवशीच्या पेपरातल्या चार ओळींत.

आणि त्या चार ओळी कशा असायच्या! हार्वुड लीगचा, म्हणजे मुंबईच्या स्थानिक लीगचा सामना असेल तर निकाल, गोल करणाऱ्याचं आडनाव, झालंच तर ‘उत्तरार्धात’ एवढा एक शब्द. आडनाव फर्नांडिस. आता मुंबईच्या फुटबॉलमध्ये फर्नांडिस, डिसोझा, परेरा किती! एकाच संघात दोन-दोन सापडतात. पाठीवर नाव नाही, आणि जर्सीचा क्रमांक माणसाचा नव्हे तर जागेचा. जो मधल्या आघाडीला उभा राहील तो नऊ नंबर. म्हणून जुना फोटो मिळाला तरी नऊ नंबरवरून माणूस ओळखता येत नाही. अशा वेळी मी त्याच आठवड्यातली बाकीची कात्रणं काढतो. एक फर्नांडिस बचावाला होता असं कुठे लिहिलेलं सापडलं, दुसरा दुखापतीमुळे बाहेर होता असं सापडलं, तर गोल कुणाचा ते ठरतं. नाही ठरलं तर वहीत नुसतं ‘फर्नांडिस’ लिहितो आणि पहिल्या नावाची जागा मोकळी सोडतो. अंदाजाने नाव भरणं मला पटत नाही. तो गोल कुणाच्या तरी आयुष्यातला मोठा गोल असेल, तो दुसऱ्याच्या खात्यावर कसा टाकणार?

सगळ्यात जास्त घोळ नावबदलाने होतो. १९९८ चा ड्युरँड महिंद्रा अँड महिंद्राच्या नावावर आहे, २००१ आणि २००८ चे महिंद्रा युनायटेडच्या. काही याद्यांत हे दोन वेगळे क्लब धरलेले दिसतात. मग एकाची जेतेपदं तीनऐवजी दोन होतात आणि दुसरा एकदाच जिंकून गायब झाल्यासारखा वाटतो. मी दोन्ही एकच धरतो. कंपनी तीच, मैदान तेच, आणि एका हंगामातून दुसऱ्यात आलेले खेळाडूही बरेचसे तेच. मात्र हार्वुड लीगचे आकडे मी राष्ट्रीय स्पर्धांमध्ये मिसळत नाही आणि मैत्रीपूर्ण सामने कशातच धरत नाही. यावर माझ्याशी भांडणारे मित्र आहेत, त्यांनी जरूर भांडावं.

कारण चालू क्लबाला भांडणारे असतात, हाच तर फरक आहे. मोहन बागान-ईस्ट बंगालच्या एखाद्या जुन्या सामन्याचा निकाल चुकीचा छापा, संध्याकाळपर्यंत शंभर माणसं अंगावर येतील. महिंद्राच्या बाबतीत चुकीचा आकडा एकदा छापला गेला की तोच पुढे उचलला जातो. अडवणारं कार्यालय नाही, समर्थकांचा कट्टा नाही, नवा हंगाम नाही.

कोल्हापूरकडे बघितलं की हे जास्तच जाणवतं. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे संघ तालमींचे, पेठांचे. शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ हजर असते. चांगले-वाईट हंगाम येतात-जातात, पण पेठ काही पत्रक काढून संघ बंद करत नाही, आणि कुणी कधी गोल मारला हे सांगणारा आजोबा प्रत्येक गल्लीत भेटतो. कंपनीच्या संघाला अशी पेठ नसते. निर्णय झाला की संघ संपतो. महिंद्रानंतर पुढच्याच वर्षी फगवाड्याचा जेसीटी गेला, पुण्याचा पुणे एफसी गेला, मुंबई एफसी २०१७ मध्ये गेला. मुंबई एफसीला अनेक हंगाम सांभाळणारे खालिद जमील हे स्वतः महिंद्राचे जुने खेळाडू, आणि ज्या हंगामात त्यांनी मिझोरमच्या ऐझॉलला आय-लीग (राष्ट्रीय लीगच्या जागी आलेली स्पर्धा) जिंकून दिली, त्याच हंगामात मुंबई एफसी खालच्या श्रेणीत घसरला. पुढे ते भारताचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या कारकिर्दीचा आलेख काढायचा म्हटलं तर निम्मी पानं बंद झालेल्या क्लबांचीच लागतात.

तेव्हा उपयोग काय, तर हा. ज्यांनी मुंबईत नोकरी सांभाळून फुटबॉल खेळला त्यांच्या नातवंडाने उद्या विचारलं की आजोबा खरंच ड्युरँडच्या संघात होते का, तर हो किंवा नाही सांगता आलं पाहिजे. आणि क्लब बंद झाल्याने एक गोष्ट सोपीही झाली आहे: एकूण सामने, एकूण गोल, एकूण करंडक यांत आता भर पडणार नाही. हे काम पुरं होऊ शकतं.

म्हणून विचारणाऱ्यांनाच माझी उलट विनंती. तुमच्या घरी कुणी कंपनीच्या संघातून खेळलं असेल, तर जुनी कात्रणं, सामन्याची पत्रकं, संघाचे फोटो रद्दीत देऊ नका. कात्रण कापलेलं असेल तर त्यावर तारीख आणि पेपरचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवा, आठवत असेल तेवढं. फोटोच्या मागे डावीकडून उजवीकडे नावं लिहा, नुसती आडनावं नकोत. सत्तरच्या दशकातली हार्वुड लीगची पानं मला सगळ्यात आधी हवी आहेत, कारण तिथेच माझ्या वहीत सगळ्यात जास्त मोकळ्या जागा आहेत.