दुधाच्या दाढेला कॅप बसवल्यावर

लेकीच्या दुधाच्या दाढेचं रूट कॅनल झालं, वर स्टीलची कॅप बसली, आणि घरात सगळ्यांचं एकच, पडणारच आहे ना ती, मग एवढा खर्च कशाला? अहो, मागच्या दुधाच्या दाढा वयाच्या १०-१२ वर्षांपर्यंत राहतात, तोवर पोरीने चावायचं कशाने!

खरं टेन्शन पहिले दोन-तीन तास, इंजेक्शनने ओठ बधिर असतो आणि पोरं तो गंमत म्हणून चावत बसतात, पार रक्त येईस्तोवर, म्हणून बधिरपणा जाईपर्यंत खायला काही दिलंच नाही, मग गार मऊ दहीभात. चिक्की, टॉफी बंद, कॅप निघून येऊ शकते. कॅपच्या कडेला हिरडीपाशी अन्न अडकतं, तिथे ब्रश मीच फिरवते, वाटाण्याएवढी फ्लोराइडवाली पेस्ट घेऊन, रात्री तर नक्कीच. आजी गुपचूप लाडू देतात, त्याला मात्र इलाज नाही.