आमची वाटचाल : घोंगड्या, पेनड्राइव्ह आणि सातव्या मिनिटाचा प्रश्न

"एफडीपीवाले काय तुम्ही?" कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमचा पत्ता विचारत आलेल्या कुरिअरवाल्यापासून एखाद्या संस्थेच्या सचिवांपर्यंत सगळे हेच विचारतात. होय, एफडीपीवाले. एफडीपी म्हणजे फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम : वर्गात कसं शिकवायचं ते आम्ही प्राध्यापकांना ऑनलाइन, त्यांच्या सवडीनं शिकवतो. पण नुसते सर्टिफिकेटाचे कागद वाटणारे नव्हे. हे सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून आता लिहूनच टाकतो.

२०१४ साली मी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, कॉम्प्युटर सायन्स शिकवत होतो. ज्यांनी सीएचबी केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. मानधन वर्ष सरल्यावर, तेही प्रस्ताव नीट गेला तर. माझा पहिला भागीदार माझ्याबरोबरच सीएचबीवर होता आणि हंगामात लग्नाची शूटिंग करायचा. कॅमेरा त्याचा, मूडल (कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) माझं. कायम पदावरच्या मंडळींना कॅससाठी, म्हणजे बढतीसाठी, ओरिएंटेशन, रिफ्रेशर हे कोर्स करावेच लागायचे. ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजं १९८७ पासून ते काम करत होती. पण घरी आजारी सासू, दुसरीतली पोरगी आणि प्रॅक्टिकलच्या तीन बॅचेस असलेल्या बाईनं आठवडेच्या आठवडे घर कसं सोडायचं? आणि कोर्स करून आल्यावर सोमवारच्या पहिल्या तासाला नक्की काय बदलायचं? आम्ही त्या सोमवारसाठी व्हिडिओ करायला बसलो. एकेक बारा मिनिटांचा.

शाहूपुरीत तळमजल्यावर एक खोली भाड्यानं घेतली. रस्त्यावर रिक्षा, वर घरमालकांचा मिक्सर. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावून बघितले, काही उपयोग झाला नाही. मग पट्टणकोडोलीहून काळ्या घोंगड्या आणल्या, पांढऱ्या किनारीच्या, आणि तिन्ही भिंतींवर टांगल्या. लोकर आवाज पिते. मिक्सरची किरकिर गेली, बुलेटची धडधड मात्र राहिली, ती कशानंच जात नाही. त्या घोंगड्यांपुढं उभं राहून आमच्यासाठी शिकवणाऱ्या सरांनी ब्लूम्स टॅक्सॉनॉमीपासून (प्रश्न नुसत्या स्मरणाचा की विचाराचा, त्या पातळ्या) रुब्रिकपर्यंत (गुण कशाला किती ते आधीच सांगणारा तक्ता) सगळं शिकवलं. घामानं निथळत, कारण रेकॉर्डिंगला पंखा बंद.

तेव्हा खेड्यापाड्यांत नेट म्हणजे नुसतं गोल गोल फिरणारं चक्र. म्हणून 'ऑनलाइन' कोर्स आम्ही सोळा जीबीच्या पेनड्राइव्हवर घालून एसटीच्या पार्सलनं पाठवायचो. व्हिडिओ घरी बघायचे, आणि स्वाध्याय अपलोड करायला तेवढं नेट लावायचं. हसा खुशाल. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि पेनड्राइव्ह बंद झाले. तिथून २०१९ पर्यंत बरं चाललं. एकतीस कॉलेजं झाली. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

गडहिंग्लजच्या मॅडमांबद्दल मात्र आहे. रसायनशास्त्राच्या. आमचा दुसरा पेनड्राइव्ह त्यांनी घेतला, २०१५ मध्ये, स्वतःच्या पैशानं. आमचा पहिला स्वाध्याय एकच असतो : तुमची गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका अपलोड करा आणि प्रत्येक प्रश्नापुढं तो कुठल्या पातळीचा आहे ते लिहा. मॅडमांनी केलं. वीसपैकी अठरा प्रश्न 'स्मरण'. व्याख्या लिहा, टीप लिहा, फरक सांगा. रात्री साडेदहाला फोन. "सर, मी बावीस वर्षं पोरांची पाठांतराची परीक्षा घेतेय."

पुढच्या सत्रात त्यांनी 'अनुमापन (टायट्रेशन) म्हणजे काय?' हा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी ब्युरेटची, म्हणजे तोटीच्या मोजनळीची, तीन वाचनं दिली : ९.७, ९.८ आणि ११.४ मिली. यातलं कुठलं सोडून द्याल, आणि त्या विद्यार्थ्याच्या हातून काय झालं असेल? एका पोरानं लिहिलं, "फिनॉल्फथॅलिन फिकट गुलाबी झाल्यावर त्यानं तोटी बंद केली नाही, गडद होऊ दिलं." तो उत्तरपत्रिकेचा फोटो अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. आमच्या धंद्याची बॅलन्स शीट कुणी मागितली तर आधी तो दाखवतो.

२०१९ च्या ऑगस्टात पूर आला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. शिरोलीला हायवेवर पाणी, पेट्रोल नाही, दूध नाही. आम्ही दोघांनी मध्यरात्री हार्डडिस्का पोटमाळ्यावर चढवल्या आणि घोंगड्या विसरलो. पाणी ओसरल्यावर बघितलं तर भिंतीवर कमरेएवढी चिखलाची रेघ आणि भिजलेल्या घोंगड्या एकेक दोघांनी उचलाव्या अशा जड. गच्चीवर वाळवल्या. दोन महिने स्टुडिओला वास. लोकांना वाटतं पुरानं आम्ही बुडालो. पुरानं काही बुडवलं नाही. आम्हाला बुडवलं फुकटच्या सर्टिफिकेटांनी.

२०२० चा मार्च. टाळेबंदी लागली आणि सगळे प्राध्यापक घरी, मोबाइल हातात. आमच्यासारख्यांची चांदी व्हायला हवी होती. झालं काय, तर जो तो 'राष्ट्रीय वेबिनार' घ्यायला लागला. यूट्यूबवर लाइव्ह, शेवटी गुगल फॉर्म, चाळीस टक्के पडले की तासाभरात मेलवर ई-सर्टिफिकेट. नाही पडले तर तोच फॉर्म पुन्हा भरा. व्हिडिओ म्यूट करून भाजी निवडत बसलं तरी चालायचं. एका सरांनी मला अभिमानानं सांगितलं, "लॉकडाउनमध्ये त्रेसष्ट झाली माझी." काय झाली? तर सर्टिफिकेटं.

आमच्याकडं तसं होत नाही. एचफाइव्हपी नावाच्या साधनानं व्हिडिओच्या मधेच प्रश्न येतो, पहिला सातव्या मिनिटाला. उत्तर दिल्याशिवाय व्हिडिओ पुढं सरकत नाही. स्वाध्याय तपासून झाल्याशिवाय मूडल पुढचा धडा उघडत नाही. आणि प्रमाणपत्राखाली आम्ही पहिल्या दिवसापासून छापतो की हे कॅसला धरायचं की नाही ते तुमचं विद्यापीठ ठरवेल. असा प्रामाणिकपणा घेऊन बाजारात उतरलं की काय होतं? एकतीसची चार कॉलेजं झाली. तीन महिन्यांत.

भागीदार म्हणाला, "भावा, लोकांना कागद पायजे. दे की. तुझ्या बापाचं काय जातंय?"

मी म्हटलं, बापाचंच जातंय. माझे वडील उद्यमनगरात टर्नर होते. मापात नसलेला जॉब ते पुढच्या मशिनवर जाऊ द्यायचे नाहीत. भांडण झालं ते याच खोलीत, सामाजिक अंतर राखून. जूनमध्ये तो गेला. जाताना ग्राहकांची सगळी मेल यादी नेली आणि स्वतःचं दुकान थाटलं. एफडीपी पाच दिवसांची, सर्टिफिकेट पहिल्याच दिवशी. पण यादीपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. त्याच्या जाहिरातीत आमचेच व्हिडिओ. लोगो कापलेला, आवाज दुसऱ्याचा. कसं ओळखलं? कोपऱ्यात घोंगडीची पांढरी किनार दिसत होती. वकिलांनी खर्च सांगितला. मी भाडं थकवून बसलो होतो. विषय तिथंच संपला. म्हणजे कागदावर संपला.

जुलैमध्ये मीही हार मानून सातव्या मिनिटाचा प्रश्न काढायला बसलो होतो. खरं सांगतोय. सेटिंग उघडलेलं होतं. तेवढ्यात मॅडमांचा फोन. त्या तेव्हा कॉलेजच्या आयक्यूएसीच्या, म्हणजे गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयक होत्या. "सर, आमचे तिघे तुमच्या प्रश्नावर अडलेत, शिव्या घालतायत. अडू देत. आणि वर्षाची फी आगाऊ पाठवायला सांगितलीय प्राचार्यांना." छत्तीस हजार आले. त्यात भाडं, सर्व्हर आणि बुडालेल्या लॅपल माइकच्या जागी नवा माइक, एवढं झालं. हळूहळू बाकीचेही परतले. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तेव्हाच्या सहाव्या निकषात, ६.३ ला, त्रेसष्ट सर्टिफिकेटं दाखवता यायची, पण समितीतल्या कुणी "वर्गात काय बदललं?" असं विचारलं तर दाखवायला प्रश्नपत्रिका लागायची.

या धंद्यात येणाऱ्या पोरांना, कुणी विचारलं नसलं तरी, सांगतो. आधी माइक घ्या, कॅमेरा नंतर. चेहरा धुरकट चालतो, आवाज नाही. संस्थेच्या अध्यक्षांच्या तोंडी ऑर्डरवर शूटिंग सुरू करू नका, लेखी घ्या. अठरा टक्के जीएसटी बिलात वेगळा दाखवा, नाहीतर तो तुमच्याच खिशातून जातो. बिलातून टीडीएस (आयकर) कापला की त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. अकाउंटंट आपण होऊन देत नाही. आणि मार्च एंडिंगला बिल पाठवलं तर ते जुलैत निघतं, म्हणून जानेवारीतच पाठवा.

मॅडम दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. त्यांचं लॉगिन मी बंद केलेलं नाही. नवीन कुणी पहिली प्रश्नपत्रिका टाकली की चर्चापानावर पहिला शेरा त्यांचाच येतो, बहुधा कडक.

गेल्या महिन्यात भागीदाराचाही मेसेज आला, चार वर्षांनी. एका स्वायत्त कॉलेजचं काम मिळालंय, त्यांना रुब्रिकवर खरंच शिकवायचंय, जुनं रेकॉर्डिंग देशील का? मी फाइल दिली नाही, लॉगिन दिलं. काल लॉग बघितला. गडी सातव्या मिनिटाला थांबलाय.