उंदराला काय विचारणार, काका?

मिरजेत आयसीयूतून नेत्रतज्ज्ञाला बोलावणं येतं ते बहुधा पडदा बघून दोन ओळी लिहायला. त्या दुपारी फोनवर रेसिडेंट म्हणाला, "स्किनची केस आहे मॅडम, पापण्या चिकटल्यात, जाता जाता बघून घ्या." जाता जाता!

तासगावकडचा विशीतला मुलगा. ओठांवर काळ्या खपल्या, पाठीवर बोट टेकवलं तरी कातडी सरकायची. घरच्यांनी कांजिण्या समजून आधी कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलेला. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे बहुधा औषधाच्या प्रतिक्रियेने कातडी आणि आतली नाजूक त्वचा सुटून येणारा आजार. स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोघांनी 1922 साली ज्या लेखात हा आजार मांडला, त्याच्या शीर्षकातच डोळ्यांचा दाह आहे. शंभर वर्षं उलटली, तरी आम्हाला बोलावतात सगळ्यात शेवटी.

बायपोलर या मनाच्या आजारासाठी व्हॅल्प्रोएट हे औषध चालू होतं, त्यात लॅमोट्रिजिन या दुसऱ्या औषधाची भर पडली, आणि प्रतिक्रिया आली ती त्याचीच. व्हॅल्प्रोएट असलं की लॅमोट्रिजिन शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, म्हणून पहिले दोन आठवडे 25 मिलिग्रॅम, तेही एक दिवसाआड, असा नियम. याला पहिल्या दिवसापासून रोज 100. चिठ्ठी मी पाहिली आहे. अक्षर सुंदर होतं.

भुलेचे थेंब टाकून पापणी उलटली, तर आत दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा. तो नुसता ओढायचा नसतो. काचेची कांडी पापणीमागच्या खोबणीतून हळूहळू फिरवत सुटा करायचा, नाहीतर पापणी आणि डोळा एकमेकांना कायमचे चिकटतात. निळ्या उजेडात फ्लुरोसिन या रंगाने पापण्यांच्या कडा हिरव्या चमकल्या, म्हणजे तिथं व्रण होते. मग वारेचं गोठवून ठेवलेलं आवरण काढलं. ते नुसतं बुबुळावर पसरून भागत नाही. खोबणीत खोल दाबून, पापणीच्या कडेवरून बाहेर घेऊन शिवावं लागतं, कारण कडेवर व्रण राहिला की तीच कड पुढे आयुष्यभर बुबुळाला घासत राहते. हे काम पहिल्या आठवड्यातच व्हायला हवं. उजव्या डोळ्याला थोडा उशीर झाला होता.

बाहेर वडील उभे. "मॅडम, ह्ये औषध उंदरावर तपासल्यालं असतंय न्हवं?"

"असतंय, काका."

"मग?"

उंदीर-कुत्र्यांवर विषारीपणा कळतो, यकृत बिघडलं तर दिसतं. पण ही प्रतिक्रिया माणसाच्या प्रतिकारशक्तीची, आणि माणसाचे एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ज्या खुणांवरून प्रतिकारशक्ती आपलं-परकं ओळखते त्या, साध्या उंदरात नसतातच. कार्बामाझेपाइन या फिटच्या औषधाने होणाऱ्या याच आजाराचा एचएलए-बी 1502 या प्रकाराशी संबंध 2004 साली तैवानच्या रुग्णांमध्ये सापडला, पिंजऱ्यात नव्हे. लॅमोट्रिजिनला तर तितका पक्का धागाही नाही. डोस हळूहळू वाढवायचा नियमही माणसांच्या अंगावर पुरळ उठल्यावरच आला. यातलं निम्मंच काकांना सांगता आलं.

मानसोपचारतज्ज्ञांनी आता लिथियम सुरू केलंय. त्याची सुरुवात मात्र प्राण्यांपासूनच. ऑस्ट्रेलियातले मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी गिनीपिगना लिथियम टोचलं, ते सुस्त पडले, आणि 1949 मध्ये माणसांवरचे निष्कर्ष छापून आले. ती सुस्ती विषबाधेची असावी, असं आज बरेच जण मानतात. काकांना हे सांगितलं नाही.

डावा डोळा चांगला आहे. उजव्याच्या खालच्या कोपऱ्यात पापणी थोडी चिकटलीच. दर तासाला थेंब, उन्हात गॉगल. लॅमोट्रिजिन तर नकोच, पण कार्बामाझेपाइन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन ही फिटची औषधंही नकोत, असं मराठीत लिहून लॅमिनेट केलेलं कार्ड दिलंय. परवा काका सांगत होते, गावातल्या मेडिकलवाल्यानं ते उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "ह्ये कशाचं? रेशनचं काय?"