ऑइलच्या दोन नळ्या आणि नागपूरचा मे महिना

आमच्या जुन्या एमजीबीत, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीच्या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये, रोव्हरचे ३.५ लिटरचे, आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन बसवताना सर्वांत जास्त वेळ इंजिनाने नव्हे, तर ऑइलच्या नळ्यांनी घेतला. एमजीने १९७३ साली स्वतःच अशी गाडी काढली होती आणि तिच्यातही ऑइल फिल्टर इंजिनापासून दूर, वेगळ्या जागी बसवून नळ्यांनी इंजिनाला जोडला होता. मूळ जागी तो मावत नाही, हे मलाही टेप लावून पाहिल्यावरच पटले.

वाडीच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीकाकांनी आधी सुतळी धरून नळीचा मार्ग आखला. एक्झॉस्टपासून आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून अंतर हवे, वळण मोठे हवे आणि थोडी सैलही हवी, कारण ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन रबरी माउंटिंगवर एका अंगाला झुकते आणि ताणलेली नळी जोडापाशीच सुटते. "नळी चेसिसला घासली की समजा, महिन्याभरात भोक," काका म्हणाले. जिथे शंका वाटली तिथे त्यांनी जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला; दिसायला ओंगळ, पण चोख.

फिल्टरच्या माउंटवरची 'इन' आणि 'आउट' ही अक्षरे मात्र मी उलटी वाचली. सुदैवाने स्पार्क प्लग काढून, नुसत्या स्टार्टरवर इंजिन फिरवत असतानाच ते लक्षात आले, कारण ऑइल प्रेशरचा काटा हलेचना. नळ्या बदलल्या, पंपाच्या गिअरमध्ये व्हॅसलीन भरले, म्हणजे पंप कोरडा न फिरता ऑइल ओढतो, आणि काही सेकंदांत काटा उठला.

ऑइल थंड करणारा कूलर मी ग्रिलमागेच ठेवला आहे. पंचेचाळीस अंशांत त्याला वारा हवाच.