रावेन्ना: घाईने पाहू नये असे मोझेइकचे शहर

इटलीतील बोलोन्याहून प्रादेशिक रेल्वेने सुमारे सव्वा तासात रावेन्नाला पोहोचता येते. त्यामुळे बरेच प्रवासी सकाळी येऊन दुपारी परततात. आम्ही येथे मुक्काम केला आणि मागून येणाऱ्यांनाही तोच आग्रह धरू, कारण येथील मोझेइक, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेली भिंतीवरची चित्रे, प्रकाशाबरोबर बदलत जातात. सोन्याचा पातळ वर्ख काचेच्या दोन थरांत बसवून केलेले तुकडे भिंतीत मुद्दाम किंचित तिरके बसवलेले आहेत. आपण दोन पावले सरकलो किंवा बाहेर ढग आला की त्याच भिंतीचे तेज पालटते.

सम्राट होनोरियसने इ.स. 402 मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी मिलानहून येथे हलवली, कारण दलदलीमुळे शत्रूला जमिनीवरून चाल करून येणे अवघड होते आणि जवळच्या क्लासे बंदरामुळे समुद्रमार्ग मोकळा राहत होता. पुढे 493 मध्ये ऑस्ट्रोगॉथांचा राजा थिओडोरिक आणि 540 मध्ये बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची, सेना अशा दोन सत्ता येथे आल्या. या काळातील आठ वास्तूंना 1996 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला.

सुरुवात सान व्हिताले या अष्टकोनी चर्चपासून करावी. 547 मध्ये पवित्र केलेल्या या वास्तूच्या गाभाऱ्यातील मोझेइकमध्ये एका बाजूला बायझंटाइन सम्राट जस्टिनियन आणि समोर सम्राज्ञी थिओडोरा आपापल्या परिवारासह उभे आहेत. जस्टिनियनशेजारच्या बिशपच्या डोक्यावर मॅक्सिमियानुस हे नाव ठळक अक्षरांत लिहिलेले दिसते, सम्राटाच्या डोक्यावर मात्र नाव नाही. सत्तेला दूरच्या प्रांतात आपले अस्तित्व कसे ठसवावे लागते, हे या भिंतीइतके स्पष्ट आम्ही अन्यत्र पाहिलेले नाही.

त्याच आवारात गाला प्लाचिदियाची समाधी म्हणून ओळखली जाणारी विटांची लहानशी वास्तू आहे. होनोरियसची ही सावत्र बहीण 450 मध्ये रोममध्ये वारली, त्यामुळे ती येथे पुरलेली नसावी असे बहुतेक अभ्यासक मानतात. आत शिरताच काही दिसत नाही. डोळे सरावले की अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाच्या पातळ खिडक्यांतून येणाऱ्या मधाळ उजेडात गर्द निळे छत आणि त्यावरचे सोनेरी तारे हळूहळू उमटतात. गर्दीच्या दिवसांत आत थोडी मिनिटेच थांबू देतात, म्हणून प्रवेशाची वेळ आगाऊ राखून ठेवावी. येथील व निओनियन बाप्तिस्मागृहाचा प्रवेश धर्मप्रांताच्या एकत्रित तिकिटातून मिळतो. त्यातच सान व्हिताले, सांत'अपोल्लिनारे नुओव्हो आणि आर्चबिशपांचे संग्रहालय येते.

सांत'अपोल्लिनारे नुओव्होमध्ये प्रवेशद्वाराजवळच्या राजवाड्याच्या चित्रासमोर अवश्य थांबावे. हे चर्च थिओडोरिकने बांधले. तो ख्रिस्ताला देवपित्यापेक्षा कनिष्ठ मानणाऱ्या एरियन पंथाचा असल्यामुळे नव्या बायझंटाइन राज्यकर्त्यांनी कमानींतील माणसे काढून टाकून तेथे पडदे बसवले, परंतु काही स्तंभांवर त्या पुसलेल्या माणसांचे हात आणि बोटे अजूनही दिसतात. चित्र उंचावर असल्याने लहान दुर्बीण सोबत असावी. आमच्या मते रावेन्नासाठी कॅमेऱ्यापेक्षा तिचा उपयोग अधिक.

क्लासे येथील सांत'अपोल्लिनारे ही 549 मधील बॅसिलिका शहराबाहेर आहे, तेथे रेल्वे आणि शहर बस दोन्ही जातात. समुद्र मागे हटल्यामुळे बंदर राहिले नाही, पण गाभाऱ्यातील मोझेइकमधले हिरवे कुरण आणि त्यातील मेंढ्या पाहण्यासाठी अर्धा दिवस सहज द्यावा. थिओडोरिकच्या समाधीचा घुमट एकाच अखंड शिळेचा आहे. त्यासाठी आणि क्लासेसाठी धर्मप्रांताचे तिकीट चालत नाही.

दान्तेची समाधी पाहण्यास शुल्क नाही. फ्लोरेन्सने हद्दपार केलेला हा कवी 1321 मध्ये येथेच वारला. त्याच्या अस्थी फ्लोरेन्सला जाऊ नयेत म्हणून फ्रान्सिस्कन साधूंनी त्या दडवल्या आणि त्या 1865 मध्ये सापडल्या. शेजारच्या सान फ्रान्चेस्को चर्चचे तळघर जमीन खचल्याने पाण्याखाली असते, आणि पेटीत नाणे टाकल्यावर दिवे लागून तळाचे मोझेइक व त्यावर फिरणारे मासे दिसतात.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सोयीचे आहेत, कारण उन्हाळ्यात या सखल प्रदेशात उकाडा आणि डास दोन्ही त्रास देतात. शहर सपाट असल्याने क्लासे वगळता सर्व ठिकाणे पायी होतात. कागदी रेल्वे तिकीट घेतल्यास गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात त्यावर शिक्का उमटवावा, अन्यथा दंड होऊ शकतो. शाकाहारी प्रवाशांनी पियादिना या स्थानिक पातळ रोटीबाबत विशेष काळजी घ्यावी: पारंपरिक पिठात डुकराची चरबी असते, त्यामुळे आत केवळ चीज आणि भाजी असली तरी रोटी ऑलिव्ह तेलात मळलेली आहे का, हे मागणी नोंदवण्यापूर्वी विचारावे. अनेक ठिकाणी तशी रोटी मिळते.